नायकाच्या हातातला पंखा

लॉस एंजेलिस,
रविवार, ४ ऑगस्ट १९७४

प्रिय डेल,

आज मी मुद्दामच फोन केला नाही. फोनवर मला तुझ्याशी भांडता येत नाही. तू हसतेस, आणि तू हसलीस की माझे मुद्दे आटतात. कागदावर तुला मध्येच हसता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. मी रागावले आहे. नक्की कुणावर, ते लिहिता लिहिता मलाही उमगेल अशी आशा आहे. कारण गेले काही दिवस रोजनिशीत लिहून खोडते आहे आणि दर वेळी राग वेगळ्याच माणसावर निघतो आहे. काल तर तो तुझ्यावर निघाला. तेही पुढे येईलच.

आधी त्या प्रॉक्टरचं सांगते. तुझ्या जुन्या स्टुडिओने आपल्या संगीतपटांमधले निवडक नाच एकत्र करून एक मोठा चित्रपट काढायचं ठरवलं आहे, आणि हा पोरगा ते निवडतो आहे. टेलिफोनच्या पुस्तकात टार्व्हर आडनाव शोधत तो माझ्यापर्यंत पोचला आणि मी त्याला तुझा शिकागोचा नंबर दिला. दुसऱ्याच दिवशी त्याचा आनंदाने फोन: "मिस टार्व्हर, तुमच्या बहिणीने लगेच हो म्हटलं. पहिल्या खेळाला येतील, स्टेजवर उभ्या राहतील. किती मोकळ्या स्वभावाच्या आहेत हो त्या." मोकळ्या स्वभावाची. ज्या स्टुडिओने चार चित्रपटांनंतर तुझा करार वाढवला नाही आणि का ते एका ओळीनेही कळवलं नाही, त्याच्या एका फोनवर तू हो म्हणालीस, आणि वर विचारलंस म्हणे, की विमानतळावर गाडी पाठवाल ती कुठल्या रंगाची. मला माहीत आहे, ती थट्टा होती. त्याला माहीत नव्हतं. त्याने खरंच कुणाला तरी विचारून ठेवलं आहे.

मग तो मला म्हणाला, "या ना एकदा, मोठ्या पडद्यावर पाहा." मी बुधवारी गेले. शाळेला सुट्टी आहे, सबब सांगायला काही नव्हतं. एका लहानशा अंधाऱ्या खोलीत त्याने मला बसवलं, कॉफी आणली, साखरेचे गोल पाव आणले, आणि यंत्र चालू करण्याआधी कौतुकाने म्हणाला, "बाकीच्या नाचांत फार कटकट असते हो. मध्येच कुणीतरी दार उघडून येतो, कुणी प्रेमाचं बोलायला लागतो, कापायचं कुठे तेच कळत नाही. तुमच्या बहिणीचा नाच कसा सुटा आहे. इथे एक काप, तिथे एक काप, की अलगद हातात येतो. जणू त्या लोकांनी आमच्यासाठीच करून ठेवला होता."

मी त्याला विचारलं, कुणासाठी करून ठेवला होता ते ठाऊक आहे का तुम्हाला. नव्हतं ठाऊक. तिशीही न गाठलेला पोरगा आहे. मी वर्गात सांगते त्या आवाजात सांगितलं. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले. "मला खरंच कल्पना नव्हती, मॅडम," एवढंच म्हणाला आणि पावाची बशी माझ्याकडे सरकवली. राग यायला समोर निदान वाईट माणूस तरी हवा ना. तोही नाही. आणि हे त्याला कुणी शिकवलं नाही, याचा राग कुणावर काढायचा? मी इतिहासच शिकवते.

तुला काही आठवण करून द्यायला नको, पण राग नीट मांडायचा तर मुळापासून मांडावा लागतो. आपल्या गावी, कार्डवेलच्या धुलाईखान्यामागच्या फळ्यांवर तू नाचायला शिकलीस. आत आई इस्त्री आपटायची आणि बाहेर तू त्या ठोक्यांच्या मधल्या जागेत पाय टाकायचीस. फिरत्या कंपनीबरोबर गेलीस, इथे लॉस एंजेलिसात सेंट्रल ॲव्हेन्यूवरच्या क्लबात नाचलीस, तिथे तुला स्टुडिओच्या माणसाने पाहिलं. सही करण्याआधी तू म्हणालीस, मोलकरीण होणार नाही, ट्रे हातात धरणार नाही. ते केवढं धाडस होतं, हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. त्यांनी मान्य केलं. ट्रे नको ना, मग खांबाला टेकून उभी राहा. प्रत्येक चित्रपटात तुला एक प्लास्टरचा खांब मिळाला. खांबापासून निघायचं, नाचायचं, खांबाशी परत यायचं. तुझ्याशी कुणी बोलायचं नाही, तू कुणाशी बोलायचं नाही, नायक-नायिका ज्या चौकटीत आहेत तिच्यात तुझी सावलीही येऊ द्यायची नाही. दक्षिणेतल्या गोऱ्यांना पडद्यावर काळी बाई खपायची नाही, म्हणून चित्रपट तिकडच्या गावांत गेला की तुला कापून काढता आलं पाहिजे, आणि कापल्यावर गोष्टीला भोक पडता कामा नये. पुढे उसवायचंच आहे हे ठाऊक असलं की शिंपी धावदोरा घालतो. तसं तुला त्यांनी टाचलं होतं.

आता जे आपण दोघी कधीच बोललो नाही ते लिहिते. प्रॉक्टरने निवडलेला नाच ज्यात आहे तो चित्रपट कार्डवेलला लागला तेव्हा त्यात तू नव्हतीस. तुला हे कळलं आहे, हे मला माहीत आहे. आणि मला माहीत आहे हे तुलाही. पण त्या दिवशी स्ट्रँड थिएटरच्या बाल्कनीत, आपल्या काळ्या माणसांना बसू देत त्या एकाच जागी, काय झालं, ते तुला कुणीच सांगितलेलं नाही. मीही नाही. मला वाटायचं त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि बुधवारपर्यंत मी किती मूर्ख होते हे मला कळलं नव्हतं.

तीसेक वर्षांपूर्वीचा, जूनमधला शनिवार होता. पिवळा पायघोळ झगा घातला आहे, असं तू आधीच लिहिलं होतंस, आणि ते पत्र चर्चमध्ये हातोहात फिरून मऊ झालं होतं. सगळ्या बायका ठेवणीतल्या टोप्या घालून आल्या. सिस्टर पेटवेंनी तर ईस्टरची टोपी काढली होती. मागच्या रांगेतून ब्रदर मोझली म्हणाले, "सिस्टर, ती बाग डोक्यावर राहणार असेल तर आम्ही पिक्चर उभ्यानेच बघायचा का?" त्या वळूनही न पाहता म्हणाल्या, "तुला काय करायचंय बघून, मोझली? तू तर प्रवचनातसुद्धा घोरतोस." आईच्या मांडीवर उकडलेल्या शेंगांची पिशवी होती आणि ती कुणाला हात लावू देत नव्हती. तुझा नाच झाल्यावर वाटायच्या, असं तिने ठरवलं होतं. पडद्यावर नायक-नायिका क्लबात शिरले, टेबलाशी बसले, बँडवाल्याने हात वर केला. आईने माझं मनगट घट्ट धरलं. आणि पडदा एकदम हिसकल्यासारखा झाला, संगीत तुटलं, आणि नायक-नायिका टाळ्या वाजवत होते. कशासाठी वाजवत होते, कुणास ठाऊक.

बाल्कनीत कुणी हललं नाही. मला वाटलं आई उठेल. ती उठली नाही. आणि तेवढ्यात त्या नायकाने, काळा कोट, पांढरा बो, केस चोपून बसवलेले, हात वर केला आणि पंखा हलवायला सुरुवात केली. क्षणापूर्वी त्याच्या हातात काही नव्हतं. पुठ्ठ्याचा पंखा, लाकडी काडीचा, आपल्या चर्चमध्ये प्रत्येक बाकावर ठेवलेला असायचा तसला. एका बाजूला मेंढपाळाचं चित्र. मग त्याने तो हातात फिरवला आणि पडदाभर अक्षरं आली: ग्रीनली आणि मुलगे, अंत्यविधीची सर्व व्यवस्था, कार्डवेल, टेनेसी.

डेल, अख्खी बाल्कनी फुटली. सुरुवात मोझलींनी केली. "आयला, ग्रीनलीने ह्याचं माप घेतलं की काय?" त्यावर कुणीतरी ओरडलं, "चांगली लाकडाची पेटी सांग म्हणावं, पोरगा हॉलीवूडचा आहे." सिस्टर पेटवे टोपी सांभाळत इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि स्वतः म्हातारे ग्रीनली उठून चारी बाजूंना वाकून नमस्कार करत होते. खाली बसलेले गोरे माना वर करकरून बघत होते. एवढं हसण्यासारखं काय झालं ते त्यांना समजेना. शेवटी दारावरचा माणूस विजेरी घेऊन वर आला, तेव्हा सगळे गप्प झाले. आई हसली नव्हती. दिव्यांखाली फार उकडतं असं तू लिहिलं होतंस म्हणून तो पंखा तिनेच तुला पाठवला होता. ती माझ्या कानाशी एवढंच म्हणाली, "ती होती तिथे."

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर रेव्हरंडनी विचारलं, "मग, पाहिलं का आपल्या डेलला?" ते शनिवारी कुणाच्या तरी आजारपणासाठी बाहेरगावी गेले होते. आई तोंड उघडायच्या आत सिस्टर पेटवे म्हणाल्या, "काय नाचली हो पोरगी, रेव्हरंड." मग दुसरी म्हणाली, "पाय तर जमिनीला लागतच नव्हते." असं आधी कुणी ठरवलं नव्हतं, मी शपथेवर सांगते. आईच्या देखत आईची लेक कापली गेली, ते झाकायला प्रत्येकीने हातातलं फडकं टाकलं. आणि मग आईही सांगू लागली. तू खांबापासून कशी निघालीस, डावा पाय आधी कसा टाकलास, गिरकी कशी घेतलीस. ती आजही सांगते. रविवारच्या शाळेतल्या पोरांना तुझा नाच तोंडपाठ आहे. आणि ज्यांनी कापलं, ते गावचं सेन्सॉर मंडळ असो की थिएटरचा मालक, त्यांना कुणी एक शब्द विचारला नाही. आपल्या सभ्यपणाने त्यांचं काम पुरं केलं. याचा मला किती राग येतो, हे मला या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

दोन वर्षांनी तू घरी आलीस. चर्चच्या तळघरात तुझ्यासाठी जेवण होतं. एकेक जण येऊन तुझ्या नाचाचं कौतुक करत होता आणि तू प्रत्येकाकडे फार लक्ष देऊन बघत होतीस. सिस्टर पेटवे म्हणाल्या, "आणि तो पिवळा झगा, बाई, सगळं थिएटर उजळून निघालं." चित्रपट काळा-पांढरा होता, डेल. तू म्हणालीस, "थँक यू, सिस्टर," बशीतला केक शेवटच्या घासापर्यंत खाल्लास आणि दुसऱ्या दिवशीची बस धरलीस. त्यानंतर कार्डवेलला तू एकदाच आलीस, बाबांना पोचवायला, आणि संध्याकाळी परत गेलीस. मी इतकी वर्षं समजत होते की सगळ्या गावाने केलेली कीव तुला झोंबली. मनातल्या मनात मी तुला बोलही लावले. एवढा कसला ताठा, बायका प्रेमानेच तर बोलल्या होत्या.

बुधवारी मी तो नाच पहिल्यांदा पाहिला. पिवळा झगा पडद्यावर राखाडी दिसतो. तू उजवा पाय आधी टाकतेस. नाचाबद्दल मी लिहीत नाही, मला ते जमणार नाही. एवढंच सांगते की प्रॉक्टर शेजारी होता म्हणून मी खुर्चीत बसून राहिले. पण शेवटी, खांबाशी परत जाण्याआधी, तू थांबतेस. चौकटीबाहेर पाहतेस. नेम धरतेस. लहानपणी तू दारातून बादलीत बटाटे फेकायचीस, अगदी तसा, ओठ दाबून. आणि पंखा फेकतेस. पुढच्या दृश्यात तो नट हात वर करून तो झेलतो आणि वारा घेऊ लागतो. प्रॉक्टर म्हणाला, त्याचं दृश्य वेगळ्या दिवशी घेतलं होतं. म्हणजे पंखा जपून ठेवला गेला, त्याच्या हातात दिला गेला, फिरवून दाखवायला सांगितला गेला. काय सांगितलंस तू त्याला? त्याने गंमत म्हणून केलं की समजून? तो देखणा दारुडा मला कधी आवडला नव्हता. आता त्याच्याबद्दल काय वाटून घ्यावं ते कळत नाही. पण तुझं मला कळलं. कार्डवेलला तुला कापणार हे तुला ठाऊक होतं. आणि ज्याला कापायची कुणाची छाती होणार नाही त्या माणसाच्या हातात तू आपल्या गावाचं नाव देऊन ठेवलंस. ती आम्हाला खूण होती. तळघरातल्या त्या जेवणात तू नाचाचं कौतुक ऐकायला आलीच नव्हतीस. कुणीतरी पंख्याचं नाव काढील म्हणून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतीस. आणि पंख्याचं नाव काढायचं तर कापल्याचं कबूल करावं लागलं असतं, म्हणून एकानेही काढलं नाही. पोचला होता, डेल. तुझा पंखा पोचला होता. सबंध बाल्कनी त्या दिवशी हसली होती.

आता पुढचं ऐक. दिवा लागल्यावर प्रॉक्टर म्हणाला, "शेवटची फेक मात्र आम्ही काढतोय. ती चौकटीबाहेर जाते आणि आपल्याकडे तर नायक नाहीच, मग प्रेक्षकाला वाटेल पंखा गेला कुठे. खांबाशी उभ्या आहेत तिथेच सुंदर शेवट होतो." म्हणजे एकदा तुझ्याशिवाय पंखा, आणि आता पंख्याशिवाय तू. मी उभी राहिले. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं ते सगळं मला शोभणारं नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, अहो, दोन-चार क्षणांचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "तेव्हाही त्यांनी असंच म्हटलं असेल." घरी येऊन मी स्वतःलाच विचारत बसले, की हा अपमान तुझा आहे की मीच तो उचलून अंगावर घेते आहे. तू हो म्हणालीस, तू हसलीस. मी कोण? राग मात्र कमी झाला नाही.

मग आईला फोन केला. तिच्या डोळ्यांचं मी तुला सांगितलं होतं, पण डॉक्टर आता स्पष्टच बोलले आहेत: हिवाळ्यापर्यंत उजेड-अंधार कळेल, त्यापलीकडे नाही. मी म्हटलं, "आई, डेलचा नाच पाहिला मी. तुला दाखवायचाय." ती म्हणाली, "मी पाहिलाय." मी म्हटलं, "आई." तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "आणि मी सांगितला तेवढा चांगला निघाला नाही तर?" मी सांगितलं, त्याहून चांगला आहे, फक्त उजवा पाय आधी पडतो. "उजवा?" म्हणाली, "अगं देवा, सगळ्या पोरांना चुकीचा शिकवलाय मी." मग मी तिला सांगितलं, की पंखा तू मुद्दाम फेकला होतास. त्यावर आई: "मग? आपण होऊन उडाला वाटलं तुला? कॉलेजात काय शिकवतात गं?" मी तिला म्हटलं, तुला पहिल्यापासून माहीत होतं, तर डेलला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "पोरगी एवढी नाचली, आणि मी तिला काय सांगू, पंखा पाहिला म्हणून? आईने पंखा पाहिला? मला वाटलं तिला नाच पाहिल्याचंच ऐकायचं असेल." दोघी एकमेकींना जपत राहिलात, आणि इतकी वर्षं गेली. डेल, मी तुझ्यावर रागावले आहे ते यासाठी. एकदा विचारायचं होतंस.

म्हणून मी एक गोष्ट केली आहे, तुला न विचारता, आणि ती सांगायला हे पत्र आहे. गुरुवारी मी प्रॉक्टरला तुझ्या नावाने कळवलं की तू त्याच्या स्टेजवर पाऊल ठेवणार नाहीस, जोपर्यंत तो अख्खा चित्रपट, तुझा नाच जागच्या जागी आणि फेकीसकट, कार्डवेलच्या स्ट्रँडमध्ये दाखवला जात नाही. मला हा हक्क नव्हता. तू चिडलीस तर मी ऐकून घेईन. काल त्याचा फोन आला: वरच्यांनी मान्य केलं आहे, सप्टेंबरचा दुसरा शनिवार, दुपारचा खेळ. आता मालक दुसरा आहे, कुठेही बसा म्हणतो. आई म्हणाली, वरच बसणार. माझ्याबरोबर यायला मात्र ती तयार नाही. "मागच्या वेळी तुझ्याबरोबरच गेले होते," म्हणते. तिला तू शेजारी हवी आहेस. मोझली, सिस्टर पेटवे आता नाहीत, पण त्यांची नातवंडं येतील, उजवा पाय बघायला. तू शुक्रवारच्या बसने ये. आई थांब्यावर उभी राहणार आहे, कुणाचं ऐकत नाही. लांबून तिला आता चेहरे दिसत नाहीत, पण माणूस चालीवरून ओळखता येतो, असं तिचं म्हणणं आहे. तेव्हा बसमधून उतरलीस की लगेच हाक मारू नकोस. थोडं चालत ये.

रागावलेली, पण तुझीच,
कोरिन